पोलिसांच्या वहीत न उतरलेला आवाज

शाहीर अमर शेखांवर रेडिओसाठी तासाभराचं रूपक करायचं ठरलं, तर त्यात पहिला आवाज कुठला ठेवाल?

हमखास उत्तर माहीत आहे. बासरी. नाहीतर सारंगी. मंद, दुःखी, लांबून येणारी. मग भारदस्त आवाजाचा निवेदक. छळ सोसलेल्या माणसावर कुणी काही करायला घेतलं की आपल्याकडे आधी वाद्यवृंद रडायला लागतो. माझं म्हणणं असं की अमर शेख किंवा अण्णाभाऊ साठे यांच्यासारख्या शाहिरांच्या बाबतीत ही बासरी नुसती शिळी नाही, तर ती इतिहासाच्या दृष्टीने चुकीची आहे. का ते सांगतो. पोस्ट लांब होणार, तेव्हा मंडळी, चहा घेऊन बसा.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. अमर शेख म्हणजे मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६, बार्शी. आई मुनेरबी, तिच्या तोंडच्या ओव्या-गाण्यांतून कान तयार झालेला. शाळा अर्धवट सुटली, गाडीवर क्लीनर झाला, गिरणीत राबला. स्वातंत्र्याच्या चळवळीत विसापूरच्या तुरुंगात गेला आणि तिथे कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची गाठ पडली. १९४४ साली अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक. स्वातंत्र्यानंतर कम्युनिस्टांची धरपकड झाली तेव्हा भूमिगत. मग संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन, गोवा मुक्तीचं आंदोलन. २९ ऑगस्ट १९६९ ला अपघाती मृत्यू. त्याच्या दीडेक महिना आधी, १८ जुलैला, अण्णाभाऊ गेले होते. एकाच पावसाळ्यात दोघे.

आता तुम्ही म्हणाल, बार्शीचा शाहीर, वाटेगावचा शाहीर, यात रत्नागिरीचं काय? सगळंच. या लोकांनी ज्या मैदानांत आणि चाळींच्या चौकांत डफ वाजवला, तिथे समोर बसलेली माणसं कोण होती? लालबाग, परळ, काळाचौकी, डिलाईल रोड. गिरण्यांतला कामगार म्हटला की त्यात आपल्या जिल्ह्याचा माणूस आलाच. तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता (तो १९८१ ला झाला), म्हणजे मंडणगडपासून सावंतवाडी-दोडामार्गापर्यंतचा सगळा चाकरमानी 'रत्नांग्रीकर'च. गावकीच्या खोलीत पंधरा-वीसजण पाळीपाळीने झोपणारे, खानावळीत जेवणारे, बायको-पोरं गावाला. अण्णाभाऊंनी 'माझी मैना' लिहिली ती गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाची, आणि तिच्यातच बेळगाव-कारवार महाराष्ट्रापासून तुटल्याचं दुःख गुंफलं. अमर शेखांच्या आवाजाने ती सभांतून पसरली. हे गाणं ऐकून कोकणातल्या माणसाच्या डोळ्याला पाणी का येत असेल, हे रत्नागिरीत कुणाला समजावून सांगायची गरज नाही. आपल्या प्रत्येक घरात एक आजी अशी होऊन गेली.

तर हा आवाज. तो कसा होता हे वर्णनांत भरपूर आहे. 'पहाडी' हा शब्द इतक्या वेळा वापरलाय की त्याची धार गेली. पण रूपक करायचं म्हटलं की विशेषण चालत नाही, आवाज लागतो. आणि इथे गंमत सुरू होते. गंमत म्हणजे वाईट अर्थाने.

सत्ता ज्या माणसाच्या मागे लागते त्याची नोंद कुणापेक्षाही सत्ताच जास्त नीट ठेवते. आपल्या गावातलंच उदाहरण घ्या. टिळक रत्नागिरीचे. १९१६ साली त्यांच्यावर जो खटला झाला तो बेळगाव आणि अहमदनगरच्या भाषणांवर. भाषणं पोलिसांच्या लघुलेखकांनी उतरवून घेतलेली. हायकोर्टात जिना उभे राहिले आणि टिळक सुटले. आज आपण ती भाषणं वाचतो ती बऱ्याच अंशी त्या पोलिसी पेन्सिलीच्या कृपेने. त्याच्याआधी १९०९ मध्ये नाशिकला बाबाराव सावरकरांना कवितांच्या पुस्तिका छापल्याबद्दल जन्मठेप, काळं पाणी आणि मालमत्ता जप्त. मित्रमेळ्याची गाणी गल्लोगल्ली गायली जात होती, आबा दरेकर म्हणजे कवी गोविंद पायांनी अधू असून त्या गाण्यांनी शहर हलवत होते. पण कोर्टात काय पोचलं? कागद. त्याचं इंग्रजी भाषांतर. चाल कोर्टात गेली नाही. माणूस चालीवर पेटला होता आणि शिक्षा शब्दांवर झाली.

१९४२ चा काँग्रेस रेडिओ बघा. उषा मेहता आणि त्यांचे साथीदार ऑगस्ट ते नोव्हेंबर मुंबईत जागा बदलत बदलत गुप्त रेडिओ चालवत होते. त्यावर काय बोललं गेलं हे आज बरंच कळतं, कारण सरकारी यंत्रणा ते रोज ऐकून टिपून ठेवत होती. पुरावा म्हणून! १२ नोव्हेंबरला पोलीस दार फोडून आत आले तेव्हा 'वंदे मातरम्'ची तबकडी वाजत होती आणि ती थांबवायला उषाबेननी नकार दिला, अशी आठवण त्यांनीच पुढे सांगितली. विचार करा, हा एक क्षण रेडिओवर उभा करायचा तर काय काय लागेल: दार, बूट, आणि मागे न थांबलेली तबकडी. तिथे कुठल्या बासरीला जागा आहे?

पोलिसांच्या वहीत शब्द येतात. सूर येत नाही. श्वास येत नाही, डफ येत नाही, झीलकऱ्यांची 'जी जी' येत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हसू येत नाही. लघुलेखक फार तर कंसात 'हशा' लिहितो आणि पुढे जातो.

हा 'हशा'च खरा मुद्दा आहे.

स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. मुख्यमंत्री होते बाळासाहेब खेर, जन्माने रत्नागिरीचे, अत्यंत सज्जन गृहस्थ. गृहखातं मोरारजींकडे. कारण दिलं गेलं अश्लीलतेचं, आणि काही फडांत ती होतीही, नाही असं नाही. पण त्या जाळ्यात कोण कोण अडकलं? 'अकलेची गोष्ट', 'लोकमंत्र्याचा दौरा' लिहिणारे अण्णाभाऊ. यात कुठली आली लावणीतली अश्लीलता? यात होता सावकार, होता मंत्री, आणि त्यांच्यावर हसणारा कामगार. तमाशा म्हणायचं नाही तर मग लोकनाट्य म्हणू, असा मार्ग निघाला. नाव बदललं, गण-गौळण-बतावणीची हाडं तीच राहिली. पुढे प्रयोगाआधी संहिता तपासून घ्यायची पद्धत पक्की झाली. पण संहिता म्हणजे परत कागद. बतावणीतला सोंगाड्या कागदावर नसलेलं बोलतो. भुवई उडवतो, एका शब्दावर थांबतो, आणि मैदान फुटतं. परीक्षकाने खोडायचं काय, थांबणं?

म्हणून म्हटलं की रडका वाद्यवृंद चुकीचा आहे. या माणसांच्या रडण्याला सरकार भीत नव्हतं. रडणाऱ्याला कुणीच भीत नाही, त्याच्यासाठी निधी काढतात. सरकार भ्यालं ते पाच-दहा हजार माणसं एकाच वेळी मंत्र्यावर खदाखदा हसतात त्या आवाजाला. छळ झालेल्या शाहिराचं रूपक करताना ते हसू जर ऐकू आलं नाही, तर ऐकणाऱ्याला कळणारच नाही की छळ कशासाठी झाला.

आता कामाचं बोलू. हे सगळं आवाजात आणायचं कसं?

पहिली गोष्ट डफ. स्टुडिओतला डफ आणि मैदानातला डफ यांत जमीन-अस्मानाचा फरक. डफाचं कातडं दमट हवेत सैल पडतं. आपल्या कोकणात तर विचारूच नका. म्हणून कार्यक्रमाआधी काटक्या-कागद पेटवून डफ, हलगी शेकतात. मधूनमधून टिचकी मारून बघायचं, परत शेकायचं. सुरुवातीचा आवाज 'भद्' असा येतो आणि हळूहळू चढत 'टण्ण' होतो. मला विचाराल तर रूपकाचा पहिला आवाज हा ठेवावा. जाळाची कडकड, आणि शेकत शेकत वर चढणारा डफ. एक शब्द न बोलता ऐकणाऱ्याला कळतं की आता काहीतरी होणार आहे. याच्यासाठी खर्चही नाही. पावसाळ्यात कुठल्याही गावात जाऊन मिळेल.

दुसरी गोष्ट कर्णा. त्या काळच्या सभेत शाहिराचा आवाज लोकांनी ऐकला तो थेट गळ्यातून आणि कर्ण्यातून, असा दोन्हीकडून. जुने फोटो बघा, गांधी-नेहरूंच्या पुढच्या माईकवर 'शिकागो रेडिओ' असं लिहिलेलं दिसतं. नाव शिकागो, धंदा आपल्याकडच्या मोटवाने मंडळींचा. काँग्रेस रेडिओच्या खटल्यात नानक मोटवाने यांनाही पकडलं होतं, नंतर ते सुटले. तर या कर्ण्यात खर्ज जातो, मधला आवाज पुढे येतो, शेवट जरा चिरका होतो. शाहीर एका जागी उभा राहत नाही, डफ घेऊन फिरतो, त्यामुळे माईकपाशी आला की आवाज मोठा, फिरला की बारीक. आणि समोरच्या चाळीवर आपटून तोच शब्द अर्ध्या क्षणाने परत येतो. आजचा गायक आणून काचेच्या खोलीत, मखमली आवाजात पोवाडा रेकॉर्ड करून मधे टाकला, तर तो कॅसेटवाल्या कंपनीचा पोवाडा होतो.

उपाय सोपा आहे आणि यंत्रातल्या 'इफेक्ट'पेक्षा खरा आहे. गाणं साधं रेकॉर्ड करा. मंडपवाल्याकडून जुना कर्णा आणि अँप्लिफायर भाड्याने आणा. मोकळ्या जागेत, एका बाजूला दोन-तीन मजली इमारत असेल अशा ठिकाणी, तो कर्णा लावून रेकॉर्ड केलेलं गाणं वाजवा आणि दूर शंभर पावलांवर दुसरा रेकॉर्डर ठेवून ते परत टिपा. मग दोन्ही आवाज हवे तसे मिसळा. जवळचा आवाज म्हणजे शाहीर स्वतः, लांबचा म्हणजे ऐकणारा माणूस. रूपकात कुठे कुणाच्या कानाने ऐकतोय हे त्यावर ठरवता येतं. पोलिसाच्या कानाने ऐकायचं तर? कर्णा लांब, आणि एकदम जवळ कागदावरची पेन्सिल. बस.

तिसरी गोष्ट गर्दी, आणि इथे मी जरा हट्टी आहे. बाजारात मिळणारा 'गर्दीचा आवाज' नको. शिमग्याच्या पालखीत रेकॉर्ड केलेली गर्दीही नको. माणसं तितकीच असली तरी देवापुढची गर्दी आणि मागणीची गर्दी वेगळी वाजते. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला, पंधरा माणसं गेली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली आणि परत गोळीबार. एकूण १०६ हुतात्मे असं आपण म्हणत आलो. अशा दिवसांनंतर भरलेल्या सभेतली माणसं जेव्हा हसतात तेव्हा त्या हसण्यात दुसरंही काहीतरी असतं. ते नकली आणता येत नाही. एकच मार्ग: तीस-चाळीस माणसं गोळा करा, त्यांच्यासमोर खरंच बतावणी करा, त्यांना खरंच हसवा आणि ते टिपा. हसू आलं नाही तर बतावणीत खोट आहे, ती दुरुस्त करा. अण्णाभाऊंनीही हेच केलं असणार.

आणि चौथी, ही खास आपली. दोन भोंगे. एक आगबोटीचा, दुसरा गिरणीचा. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची, रत्नागिरीला बंदराबाहेर उभी राहायची, मग पडावातून उतरायचं. बोटीचा भोंगा खर्जातला, लांबलचक, समुद्रावर पसरणारा. गिरणीचा भोंगा ताठ, हुकमी. चाकरमान्याचं सगळं आयुष्य या दोन भोंग्यांच्या मधे. आत साचेखात्यात तर इतका गोंगाट की माणसं ओठ आणि हात बघून बोलायची. त्या गोंगाटातून बाहेर पडलेल्या, कान बधिर झालेल्या माणसाला संध्याकाळी ऐकू जाईल असा आवाज लावायचा होता शाहिराला! 'पहाडी आवाज' हा काही नुसता देवाने दिलेला गळा नव्हे. त्या श्रोत्यांना तो लागत होता. शिवाय आपला माणूस नमन, जाखडी, शक्ती-तुऱ्याचा सवाल-जवाब ऐकत वाढलेला. परळच्या दामोदर नाट्यगृहात कोकणातली नमनं रंगायची. शाहिराने अर्धी ओळ सोडली की उरलेली कशी उचलायची हे त्याला शिकवावं लागत नव्हतं.

आता रेडिओबद्दलच थोडं बोलायला हवं, कारण रूपक रेडिओवर जाणार आणि रेडिओचे हातही याबाबतीत काही अगदी स्वच्छ नाहीत.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई केंद्रावर गाताना त्यांनी 'वंदे मातरम्' सुरू केलं आणि ध्वनिक्षेपण थांबवलं गेलं. गायक आत गातोय, बाहेर लोकांच्या घरात शांतता. कृष्णरावांनी रेडिओवर बहिष्कार टाकला. याच रेडिओने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती सुमारे तीस वर्षं टिकली. आपली सगळी नाट्यसंगीताची परंपरा पेटीवर उभी, आणि पेटीला रेडिओच्या दारात मज्जाव! का, तर तिचे सूर भारतीय संगीताला शुद्ध नाहीत. पुढे १९५२ पासून दहा वर्षं मंत्री होते बाळकृष्ण केसकर, आपलेच मराठी गृहस्थ. त्यांना सिनेसंगीत हलकं वाटायचं, ते आकाशवाणीवरून जवळपास गेलं आणि लोक रेडिओ सिलोनकडे वळले. १९७६ मध्ये आणीबाणीत किशोरकुमारची गाणी बंद, कारण सरकारी कार्यक्रमात गायला त्याने नकार दिला होता. आपलं आकाशवाणी रत्नागिरी केंद्र सुरू झालं ते १९७७ च्या जानेवारीअखेर. आणीबाणी तेव्हा उठायची होती. आपण या केंद्राच्या आवाजावर वाढलो, त्याबद्दल माया आहेच. पण रेडिओवर काय ऐकू येतं इतकंच काय ऐकू येत नाही, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं.

म्हणून अशा रूपकात शांतता वापरायची तर ती कृष्णरावांची वापरावी. म्हणजे हळूहळू विरत जाणारी नाही. गाणं चालू असताना, शब्दाच्या मधे, एकदम बंद. दोन-तीन सेकंद काहीच नाही. ऐकणारा रेडिओला हात लावायला उठेल इतकी. एकदाच. दुसऱ्यांदा केली तर ती युक्ती होते.

जगात असं कुणी केलंय का? पॉल रोबसन आठवतो. अमेरिकेतला कृष्णवर्णीय गायक, चळवळीतला माणूस. १९५० साली त्याचा पासपोर्ट काढून घेतला, परदेशात गाता येईना. मे १९५७ मध्ये त्याने काय केलं? न्यूयॉर्कमध्ये बसून समुद्राखालून टाकलेल्या नव्या टेलिफोन केबलवरून लंडनच्या सभागृहात भरलेल्या लोकांसाठी गायला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तसंच वेल्सच्या खाणकामगारांसाठी. तो खर्ज टेलिफोनच्या तारेतून जाताना जो काही झाला असेल तो झाला असेल, पण तारेचा तो चेपलेला आवाज हीच त्या गाण्याची खरी गोष्ट. आज कुणी तो यंत्राने 'स्वच्छ' केला तर सरकारने घातलेली बंदीच पुसल्यासारखं होईल.

आणि आता कोपरखळी. एप्रिल १९५८ मध्ये या रोबसनची साठी भारतात साजरी झाली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती छागला समितीवर, पंडित नेहरूंचा जाहीर संदेश, अमेरिकी सरकार नाराज. नेहरूंनी ते केलं हे चांगलंच केलं. पण साल बघा. १९५८. संयुक्त महाराष्ट्र मिळायचा होता, हुतात्म्यांना दोन-अडीच वर्षं झाली होती, आणि मुंबईत त्याच काँग्रेसच्या राजवटीत डफ वाजवणाऱ्यांच्या सभेत पोलीस वही घेऊन बसत होते. आदल्या वर्षी, १९५७ ला, आपण रत्नागिरीकरांनी प्रेमजीभाई आसर आणि राजापूरने नाथ पै निवडून दिले होते, दोघेही समितीच्या लाटेत. एक जनसंघाचा, एक प्रजासमाजवादी, आणि त्यांच्या बाजूने गाणारे शाहीर कम्युनिस्ट. आजच्या पोरांना हे सांगितलं तर खरं वाटत नाही. लांबच्या छळलेल्या गायकावर प्रेम करणं सोपं असतं, जवळच्याचा आवाज कानाला लागतो.

१९५८ सालचीच आणखी एक गोष्ट. बीबीसीवर ईवान मॅककोल, पेगी सीगर आणि चार्ल्स पार्कर यांनी एका इंजिन ड्रायव्हरवर रेडिओसाठी गीत-रूपक केलं. तोपर्यंत पद्धत अशी की कामगारांचं बोलणं लिहून घ्यायचं आणि नटांकडून वाचून घ्यायचं. यांनी उचलता येणारा टेपरेकॉर्डर नेला आणि कामगारांचाच आवाज, त्यांच्या बोलीसकट, गाण्याच्या मधे तसाच ठेवला. आपल्याकडे अमर शेखांच्या बाबतीत चेहऱ्याचं काय झालं बघा. 'प्रपंच' हा १९६१ चा चित्रपट. पडद्यावर अमर शेख आहेत, आणि काम काय सुंदर केलंय! पण त्यातलं चाकावरच्या मातीचं ते अजरामर गाणं आहे सुधीर फडक्यांच्या आवाजात. बाबूजींनी ते गायलंय ते उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. तरी मनात येतंच की ज्याच्या गळ्यासाठी मैदानं भरायची, त्याचा चित्रपट आज लावला तर कानात राहतो दुसऱ्याचा गळा.

विलास घोगरे यांच्या बाबतीत उलट झालं. आनंद पटवर्धन यांच्या १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये ते गाताना दिसतात. वस्तीत, माणसांत, जसे गायचे तसे. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मेली आणि चार दिवसांनी घोगरेंनी आत्महत्या केली. पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षं काम करून 'जय भीम कॉम्रेड' केला, त्याची सुरुवातच घोगरेंपासून. तो गळा टिकला कारण कुणीतरी वेळेवर यंत्र घेऊन तिथे गेलं होतं, आणि मागची वस्ती पुसून टाकली नव्हती.

आजचं चित्र आणखी वेगळं. आता सगळ्यांच्याच खिशात यंत्र आहे. कबीर कला मंचाच्या सागर गोरखे, रमेश गायचोर, ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये एनआयएने एल्गार प्रकरणात अटक केली. त्या प्रकरणाच्या मूळ तक्रारीत मंचावर म्हटलेल्या ओळी आहेत. आरोप खरे की खोटे हे कोर्ट ठरवेल, मी न्यायाधीश नाही. मला दिसतं ते एवढंच की पूर्वी सरकारकडे शब्द होते, आवाज नव्हता. आता आवाजही आहे, चित्रही आहे, तारीख-वेळेसकट. पोलिसाला पेन्सिल लागत नाही. गाणाऱ्याचा स्वतःचाच व्हिडिओ पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो. आणि तरी तिथे परत चर्चा होते ती ओळींवर, कागदावर. गाणं म्हणून ते कुणी ऐकत नाही.

तर आता आपल्या जिल्ह्यापुरतं एक काम. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि मग आपली कितीतरी माणसं कायमची गावी आली. संगमेश्वर, लांजा, राजापूर, चिपळूण, खेड, गुहागर, दापोली, कुठल्याही वाडीत विचारा. १९५६ साली जो पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा चाळीच्या जिन्यावर बसून अमर शेख ऐकत होता, तो आज पंचाऐंशीच्या घरात आहे. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या मुलाखतींचं मोठं पुस्तक केलं. तसं काम गावाकडे परतलेल्यांचं व्हायचं राहिलंय, आणि त्यासाठी फोन पुरेसा आहे.

तुमच्या घरात, शेजारी असे आजोबा असतील तर एक दुपार काढा. 'तुम्हाला काय वाटतं' असले प्रश्न विचारू नका, माणूस भाषण द्यायला लागतो. विचारा: कुठे बसला होतात? पुढे कोण होतं? शाहिराच्या अंगात काय होतं? लोक कशावर हसले? पोलीस कुठे उभे होते? मग म्हणा, चाल आठवते का. शब्द आठवत नसतील तर नुसती गुणगुण चालेल, मांडीवर ताल धरला तरी चालेल, तोच हवाय. टीव्ही आणि पंखा बंद करा. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर नेमक्या ओळीला कुणाचातरी फोन येतो. ते गप्प बसले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, थांबा. सुरुवातीला त्यांचं नाव, गाव, गिरणीचं नाव, खातं आणि कुठल्या साली मुंबईला गेले हे त्यांच्याच तोंडून घ्या. आजीला विसरू नका. ती मुंबईला गेली नसेल, पण गाणं सुट्टीत गावात कुणी आणलं हे तिला ठाऊक असतं. फाइल मूळ आहे तशीच ठेवा, व्हॉट्सअॅपवरून पाठवलेली बारीक होते. पेनड्राइव्हवर आणखी एक प्रत. आणि त्यांनी परवानगी दिल्याशिवाय कुठेही टाकू नका.

कौलांवर पाऊस पडत असेल तर पडू दे, फक्त फोन खिडकीपासून लांब आणि त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा.